मास्तर मागायला गेलेले आमदार

आमच्या पाड्यात त्यांना अजून आमदारच म्हणतात. निवडणूक हरून बरीच वर्षं झाली, नंतर ते जिल्हा परिषदेचे सदस्य झाले, तरी हाक तीच राहिली. आम्ही मुलं आमदारकाका म्हणतो. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ लागतात, पण पाड्यात सगळेच एकमेकांचे काहीतरी लागतात, त्यामुळे त्यात विशेष काही नाही.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याबरोबर एकाच कामामागे फिरले. पाड्यातल्या शाळेला शिक्षक मिळवायचा होता, आणि तोही दिवाळीच्या आत. मी जव्हारच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला सरकारचं सगळं कळतं. तसं नाही. या कामातलंही सगळं मला कळलं असं म्हणवत नाही. जे पाहिलं ते लिहिते.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत आहे. काका आमदार झाले तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. मला आठवते ती त्यांच्या दाराशी उभी असलेली पांढरी गाडी आणि ओट्यावरच्या चपलांचा ढीग. त्याच काळात त्यांनी स्लॅबचं घर बांधलं, पुढे मोठा हॉल काढला आणि हॉलमध्ये भिंतीला लागून सोफे मांडले. पाड्यातले लोक सोफ्यावर बसत नसत, खाली फरशीवर बसत. सोफ्यावर बसायचे ते बाहेरून आलेले : इंजिनीयर, ठेकेदार, शिक्षक.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. काही वर्षं शेतीच केली. मग जिल्हा परिषदेला उभे राहिले तेव्हा लोक हसले. मोखाड्याच्या जीपमध्ये मी स्वतः ऐकलं आहे. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "माणसं मोठी होत जातात, हा लहान होत चाललाय. पुढच्या खेपेला सरपंच, मग पंच, मग रोजगारसेवक."

काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे न वळता म्हणाले, "रोजगारसेवकाला मानधन तरी वेळेवर मिळतं का विचार, मग बघतो."

जीपभर हशा पिकला. बोलणाऱ्यानेच मग त्यांना तंबाखू पुढे केली.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं की वरून खाली का आलात. ते म्हणाले, "पाच वर्षं विधानसभेत होतो. लोक माझ्याकडे काय घेऊन यायचे? हातपंप, अंगणवाडी, दवाखान्यातली नर्स, शाळेचा मास्तर. ही सगळी कामं जिल्हा परिषदेची. मी नुसता फोन लावायचो. म्हटलं, ज्या ऑफिसला फोन लावायचो तिथंच जाऊन बसावं." लोक म्हणायचे की पक्षाने परत आमदारकीचं तिकीट दिलं नाही, म्हणून. मला वाटतं दोन्ही खरं असावं.

आता शिक्षकांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडे घाट, पाऊस, रस्ता यामुळे बाहेरचे शिक्षक फार काळ राहत नाहीत. त्या काळी बदलीसाठी आमदाराची शिफारस चालायची. शिक्षक काकांच्या हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसायचे, काकी चहा करायची आणि काका शिफारस द्यायचे. कुणाची बायको पालघरला, कुणाची आई आजारी, कुणाचं मूल लहान. काका कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. पाड्यात हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी त्यांना दोष देत नव्हतं. दारात आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नसतं, एवढंच सगळ्यांना वाटे. मी चौथीत असताना आमच्या बाईही तशाच खाली गेल्या. खाली म्हणजे घाटाखाली, पालघरच्या बाजूला. त्यांच्यामागून एक गुरुजी आले, ते एकटेच सगळे वर्ग सांभाळत. गेल्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिक्षकच नव्हता.

शाळा चौथीपर्यंतची. ओहळापलीकडच्या गावात मोठी शाळा आहे, पण पावसाळ्यात लहान मुलांना ओहळ ओलांडता येत नाही. आणि खरी भीती दिवाळीची होती. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जातात. शाळा चालू असेल तर काही जण मुलांना आजीजवळ ठेवतात. शाळाच नसेल तर कशाला ठेवतील? मुलं भट्टीवर गेली की पटावर कुणी उरत नाही आणि पट संपला की शाळा बंद होते. माझी धाकटी बहीण तिसरीत होती.

काका एक दिवस सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. वडिलांना म्हणाले, "पोरीला थोडे दिवस शाळेत उभी कर. मास्तर येईस्तोवर."

वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "तिचं कॉलेज हाय ना."

"पंधरा दिवस. फार तर महिना."

मला नाही म्हणायचं होतं. माझं शेवटचं वर्ष होतं आणि हजेरीचं आमच्या कॉलेजात कडक आहे. पण बहीण दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "बघते." आमच्याकडे त्याचा अर्थ हो असाच होतो.

शिकवणं मला जमत नव्हतं, हे खरं सांगते. चारही इयत्ता एकाच खोलीत. पहिलीची पोरं पुस्तकातली मराठी ऐकून नुसती बघत राहायची. घरी आम्ही वेगळंच बोलतो. मी घरच्या बोलीत सांगायला लागले तर चौथीतला एक जण म्हणाला, "ताई, हे शाळेत बोलायचं नसतं." मला आमच्या गुरुजींनीही हेच सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, या शाळेत चालतं. दोन दिवसांनी पहिलीतल्या मुली इतक्या बोलायला लागल्या की त्यांना गप्प करता येईना. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मोठी मुलं चिखलात असायची, तेव्हा वर्ग निम्माच भरायचा. तेवढीच मला उसंत.

महिना गेला तेव्हा काका मला घेऊन तालुक्याच्या ऑफिसला गेले. मला बरोबर घेण्याचं कारण त्यांनीच सांगितलं, "तू सांग त्यांना, तुझं कॉलेज बुडतंय. माझं ऐकून ऐकून त्यांना सवय झालीय."

तिथले गटशिक्षणाधिकारी साहेब भले गृहस्थ होते. काकांना बघून उभे राहिले, खुर्ची दिली. मी बोलले, म्हणजे अर्धं बोलले, उरलेलं काकांनी सांगितलं. साहेबांनी पाणी मागवलं. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या वेळचं आता राहिलं नाही. बदल्या कॉम्प्युटरवर होतात. तुमची शिफारस चालत नाही, माझीही चालत नाही. नवीन भरती होईल तेव्हा होईल. माझ्या हातात एकच आहे, दुसऱ्या शाळेचा शिक्षक तात्पुरता कामगिरीवर देणं."

"मग द्या."

"कुठला देऊ? ओहळापलीकडे दोन आहेत. त्यातला एक काढला तर ते गाव ऑफिसला कुलूप लावेल. तुम्ही गावाची समजूत घालून या, मी दुसऱ्या दिवशी ऑर्डर काढतो. नाहीतर खालचा कुणी शिक्षक स्वतःहून वर यायला तयार असेल तर बघा. वरच्यांना विचारून तेही करू."

ओहळापलीकडच्या गावाने त्यांना कधीच मत दिलं नव्हतं. आमदारकीला नाही, जिल्हा परिषदेलाही नाही. तिथं जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला कळत होतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "खालचेच बघू आधी. एवढ्या जणांना मी पाठवलं, एक तरी येईल."

त्यांनी फोन केले. मी शेजारी बसून ऐकले. सगळे खूश झाले. "साहेब, आवाज ऐकून बरं वाटलं," "वहिनी कशा आहेत," "इकडे आलात की घरी या." विषय निघाला की मात्र कुणाच्या घराचं कर्ज होतं, कुणाच्या मुलाची दहावी होती. शेवटी काका म्हणाले, तुझ्या बाईंकडे समक्ष जाऊ.

आम्ही एसटीने पालघरला गेलो. जव्हारला गाडी बदलली. बाई स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगमध्ये राहतात. दार उघडल्यावर त्यांनी आधी काकांना ओळखलं, मग मला. "अगं, तू फळ्याजवळ बसायचीस ना? किती मोठी झालीस!" मला इतका आनंद झाला की कशासाठी आलो तेच क्षणभर विसरले. आतल्या खोलीत त्यांचे मिस्टर झोपून होते. त्यांचं डायलिसिस चालू आहे, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या.

चहा झाला. काकांनी सरळ विचारलं. बाईंनी कप खाली ठेवला.

"साहेब, तुम्हाला एक सांगते. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता, सासूबाई अंथरुणाला आणि हे इथे कंपनीत. तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला असतात तर मी नोकरी सोडली असती. माझं सगळं तुमच्यामुळे उभं राहिलं. पण मला येता येणार नाही. तुम्ही सांगा, कशी येऊ?"

काका म्हणाले, "नाही, नाही. तुम्ही कशा याल." आणि त्यांनीच त्यांच्या मिस्टरांच्या औषधपाण्याची चौकशी सुरू केली.

निघताना बाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "पहिलीला वेगळं बसवू नकोस. एकेकाला चौथीतल्या मुलीच्या शेजारी बसव. तीच शिकवते, तुला फक्त बघायचं असतं." मी तसं करून पाहिलं आणि ते खरंच चाललं.

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले होते. घाट सुरू झाल्यावर म्हणाले, "बाई खोटं नाही बोलल्या."

"नाही."

"मग मी चूक केली का बरोबर केलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, काका."

"राज्यशास्त्र शिकतेस ना?"

"आमच्या पुस्तकात असं नाही."

ते हसले. मग डोळे मिटून पडून राहिले, पण झोपले नव्हते.

भात निसवायला लागला होता. भट्टीचे मुकादम पाड्यात येऊन घराघरात उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊन जायला लागले. माझ्या कॉलेजातून निरोप आला की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. मी तो काकांना सांगितला नाही, वडिलांनी सांगितला. त्याच आठवड्यात काका ओहळापलीकडे गेले. पाणी कमी झालं होतं. वडील आणि मी बरोबर गेलो.

गावातले लोक मंदिरापुढे जमले. काकांना खुर्ची दिली तर ते खाली बसले. एका म्हातारीने लगेच टोमणा मारला, "आमदार असताना खुर्चीवरून उठला नाही, आता खाली बसतो. काय मागायला आला र?"

"मास्तर मागायला आलो, आते."

"मत मागून झालं, आता मास्तर?"

"मत तुम्ही दिलंच नाही. मास्तर तरी द्या."

लोक हसले, पण सैल झाले नाहीत. एक तरुण उभा राहिला, तो माझ्यापुढे दोन वर्षं जव्हारच्या कॉलेजातच होता. म्हणाला, "आमच्याकडे आधी तीन शिक्षक होते. तिसरा कुणाच्या शिफारशीने गेला?"

मला वाटलं काका काहीतरी वेगळं बोलतील. ते म्हणाले, "माझ्या. त्याची आई एकटी होती. तो माझ्याकडे आला, मी दिली. आमच्या पाड्याच्या बाईंनाही दिली. तुम्ही कुणी त्या वेळी येऊन म्हणाला असतात की देऊ नका, तर कदाचित नसती दिली. पण तुम्ही आला नाहीत आणि मला सुचलं नाही. आता माझी शिफारस कुणी विचारत नाही, म्हणून पायी आलोय."

मग तीच म्हातारी म्हणाली, "मास्तर दिला तर आमाला काय?"

"काय पाहिजे?"

बायकांमध्ये कुजबुज झाली. तिथूनच आलं ते. त्यांच्याही गावातली घरं दिवाळीनंतर भट्टीवर जातात. आजीजवळ ठेवलेली मुलं आजीचं ऐकत नाहीत, आजी आजारी पडते, मुलं शाळेऐवजी नदीवर असतात. म्हातारी म्हणाली, "तुझं घर मोठं हाय. त्यात दोन माणसं राहतात. आमची पोरं ठेव तिथं, पाऊस पडेस्तोवर. जेवायला घाल, शाळेत पाठव. तुमच्या पाड्याची ठेव, आमचीही ठेव. धान्य आम्ही देऊ. मग घेऊन जा मास्तर."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, "ठेवतो."

त्यांनी काकीला विचारलं नव्हतं. घरी पोचल्यावर ओट्यावरच सांगितलं. मी पाणी प्यायला थांबले होते, त्यामुळे ऐकावं लागलं.

"गाव बोलावून आलात आणि मला आता सांगता?"

"हो म्हटलं मी."

"तुमच्या तोंडातून हो सोडून काही निघतच नाही. शिक्षकांना हो, ठेकेदारांना हो. पोरं किती?"

"येतील तेवढी."

"आणि संडास एक."

काकी आत गेली, हॉलमध्ये उभी राहिली, मग तिथूनच ओरडली, "ही सोफ्याची अडगळ आधी बाहेर काढा. आणि धान्य देतो म्हणाले तर लाकडंही द्यायला सांगा. आणि आणखी एक बाई पाहिजे मला हाताखाली. फुकट नाही येणार ती."

एवढं झाल्यावर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या साहेबांकडे जाऊ."

साहेबांनी शब्द पाळला. नवरात्र संपता संपता ओहळापलीकडचे धाकटे गुरुजी मोटारसायकलवरून, रस्त्याने लांबचा फेरा घेऊन आमच्या शाळेत आले. त्यांना यायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्यांना कुणाचं किती शिकून झालंय, कुणाला अक्षरं येतात, कुणाला येत नाहीत ते सांगितलं. ते म्हणाले, "पहिलीची मुलं मोठ्यांच्या शेजारी का बसवलीत?" मी कारण सांगितलं. त्यांनी मुलं वेगळी केली. चार दिवसांनी माझी बहीण सांगत आली की सरांनी परत तसंच बसवलं. गुरुजी आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला जायला लागले होते. हजेरी थोडक्यात भरली.

दिवाळीनंतर ट्रक आले. त्या सकाळी काकांच्या अंगणात बायका आपापल्या पोरांना घेऊन उभ्या होत्या. सोफे गोठ्याच्या बाजूला प्लॅस्टिकखाली पडले होते आणि हॉलमध्ये चटया अंथरल्या होत्या. एक जण काकीला सांगत होती, "याला वांगं चालत नाय." काकी म्हणाली, "इथं आठवडाभर वांगंच असणार, मग चालेल." दुसरीने आपल्या मुलाच्या दप्तराला परत परत गाठ मारली आणि मग त्याच्याकडे न बघता चालायला लागली. मुकादम ट्रकमधून म्हणत होता, पोरं मागे ठेवली तर विटा कोण उलटणार, उचल कशी फिटणार. काहींनी ते ऐकलं. आमच्या पाड्यातली दोन भावंडं शेवटच्या क्षणी ट्रकमध्ये चढवली, कारण भट्टीवर तान्हं बाळ सांभाळायला कुणी नव्हतं.

सोमवारी शाळा भरली. मला कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी बहिणीला सोडायला गेले. काकांच्या घरातून मुलं ओळीने आली, ओहळापलीकडची चौथीच्या पुढची तीन मुलं ओहळ ओलांडून आपल्या शाळेकडे गेली. गुरुजींनी हजेरी घेतली. काका व्हरांड्याबाहेर उभे होते. त्यांनी विचारलं, "भरली का?"

"भरली," गुरुजी म्हणाले. "आमदारसाहेब, एवढी पोरं दिवाळीनंतर मी पहिल्यांदाच बघतोय. दोन भावंडं तेवढी नाहीत."

"कुठल्या भट्टीवर गेलीत?"

कुणालाच नक्की माहीत नव्हतं. माझी बहीण म्हणाली, "भिवंडीच्या रस्त्याला. तिथं मोठी चिमणी आहे, थोरला म्हणाला होता."

गुरुजी हसले. "भिवंडीला अशा चिमण्या पुष्कळ आहेत, साहेब."

"विचारत विचारत जाईन," काका म्हणाले. त्यांनी घरी जाऊन पिशवी घेतली. काकीने त्यांना नागलीच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि बाळाला सांभाळायला त्या भावंडांची आजी तयार आहे का ते आधी विचारून जा असं सांगितलं. ते आजीकडे गेले. आजी म्हणाली, माझ्या एकटीच्याने होणार नाही, पण बाळही घेऊन आलात तर काकीकडे येऊन सांभाळीन. काका जीपच्या रस्त्याला लागले.

तिसऱ्या दिवशी ते थोरल्याला घेऊन परत आले. बाळाला सांभाळायला धाकटी आईजवळच राहिली.